गयाबाईचं ताट

नसरीन गेल्याचं तिच्या धाकट्या भावानं, अकबरनं फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. "सुमनताई, आपा गेली," एवढंच म्हणाला. गॅस बंद केला, आणि आधी आठवण कशाची यावी, तर ताटाची! तीन वर्षं मी तिच्याशी बोलले नव्हते, एका ताटापायी. जळो मेला तो माझा राग.

ताट माझ्या आईचं. तिचं माहेर नायगावचं, म्हणून लग्नातली भांडी नांदेडच्या बाजारातनं आलेली, नाव घालून. भूकंपात आमचं घर बसलं, आई गेली. फोटो तिचा एकही नाही. ढिगाऱ्यातनं हाती आलं ते हे पोचे पडलेलं स्टीलचं ताट आणि त्यावरचं ठिपक्याठिपक्यांचं 'गयाबाई'. मी दहा वर्षांची होते.

पुढं बारावीच्या क्लासला लातूरला आले. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते, खोल्या मिळत नव्हत्या. नांदेडची नसरीन आणि मी एका खोलीत. डबा आला की मी ताटावर पाणी घालून विसळायची, मगच वाढून घ्यायची. ती हसायची. "अगं, घासलेलंच हाय ते. कितीदा धुऊन राहिलीस?"

"आई विसळल्याबिगर वाढायची न्हाई," मी म्हटलं. त्यानंतर ती कधी हसली नाही. एकदा मात्र ताट उजेडात धरून किंचाळलीच, "सुमे, हे तर माझ्या अब्बांचं अक्षर!" तिचे अब्बा त्याच बाजारात बसून भांड्यांवर नावं घालायचे. त्या दिवसापासनं ताट दोघींचं झालं.

ती नांदेडात फिजिक्स शिकवू लागली आणि लेझरच्या नादी लागली. स्टीलवर लेझरनं केसाहून कितीतरी बारीक रेघा पाडायची. शाई नाही, रंग नाही. त्या रेघांवरनं उजेड परतताना रंग दिसायचा, मोरपिसावर दिसतो तसा. रेघांत पाणी शिरलं की त्याच तुकड्यावर दुसरंच चित्र, वाळला की पहिलं परत. "अब्बा ठोकून लिहायचे, मी उजेडानं लिहून राहिले," म्हणायची. अब्बा तोवर गेले होते.

घासून घासून आईचं नाव पुसट झालेलं. "दे माझ्याकडं, पक्कं करते," म्हणाली. दिलं. चार दिवसांनी ताट घेऊन दारात उभी, चेहरा उतरलेला. लेझरचा जोर जास्त झाला होता. नावाच्या जागी नुसता काळा डाग... मी नको ते बोलले. "भूकंपात गाडली गेली ती कमी होती का? तू आणखी एकदा गाडलंस माझ्या आईला!" ती ताट उचलून निघून गेली. मग तिचे फोन यायचे, मी कापायची. एकदा निरोप आला, 'सुमे, जेवायला ये. ताट तूच विसळ.' मला वाटलं, जखमेवर मीठ चोळते. उत्तर दिलं नाही. आजारी होती, हेही मला कळलं नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला नांदेडला गेले. अकबरनं फडक्यात गुंडाळलेलं ताट पुढं केलं. डाग होताच, आता जरा मोठा, निळसर काळा. "आपा महिनोन्महिने ह्याच्यावरच काम करत होती," तो म्हणाला. "नावाचा आधी काढून ठेवलेला फोटो होता तिच्याकडं. अब्बांच्या हातचं आमच्याकडं दुसरं काही उरलंच नव्हतं ना, ताई."

तीन वर्षांत एकदासुद्धा माझ्या डोक्यात आलं नव्हतं, की त्या डागाखाली तिचाही बाप गेला होता.

आत पानं वाढायला घेतली होती. मी तेच ताट पुढ्यात घेतलं. हात सवयीनं तांब्याकडं गेला. पाणी ओतलं... आणि डाग हिरवा होत गेला, त्यात ठिपका ठिपका उमटत 'गयाबाई'. अब्बांचंच वळण. पाणी वाळलं, नाव गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा आलं. वाढायला आलेली अकबरची बायको हातात पळी धरून तशीच थांबली. मी हमसून हमसून रडले.

निरोप आला तेव्हाच ताट तयार असणार. माझ्या हातानं पाणी पडावं, एवढ्यासाठी ती थांबली होती.

आता रोज त्याच ताटात जेवते. वाढून घ्यायच्या आधी पाणी घालते, नाव वाचते, वाळायला लागलं की पुन्हा घालते. मुलगी वैतागते, "आई, कितीदा धुशील?"

नसरीन, आले गं जेवायला. ताट मीच विसळलं.