दुसऱ्या दर्जाचे एकशे बारा

रांगवाल्या बाई चिडल्या नसतील असा दिवस रुग्णालयात कुणाच्या आठवणीत नव्हता. त्या संगणक-खोलीत राहायच्या, म्हणजे नोकरीच करायच्या, पण खिडकीवरचा कारकून 'राहायच्या' असंच म्हणायचा. कुणी काही विचारायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असे: "पुस्तिका वाचलीस का?" नाही म्हटलं की उभ्या उभ्या सोलून काढत. वाचली म्हटलं तर कुठल्या पानावर काय आहे ते विचारत, आणि मग सोलून काढत.

पण त्यांना रांगवाल्या म्हणत ते उगीच नाही. बावीस वर्षांपूर्वी हाडांच्या शस्त्रक्रियेची प्रतीक्षायादी एका जाड वहीत असायची, आणि वहीत मध्येच पान चिकटवता येतं. कुणाचा साडू, कुणाची विहीण, कुणाच्या गल्लीतले काका असे सगळे त्या चिकटवलेल्या पानांवरून आत जायचे आणि बिनओळखीचे गुडघे धरून बाकावर बसायचे. बाईंनी ती वही बंद पाडली. स्वतःच्या हातानं रांगेचा प्रोग्राम लिहिला. डॉक्टरांनी फक्त दर्जा ठरवायचा. पहिला दर्जा तातडीच्यांचा, दुसरा ज्यांचं चालणं बंद होत आलंय त्यांचा, तिसरा अजून थांबू शकतात त्यांचा. एका दर्जात जो आधी आला तो आधी, तिथे प्रत्यक्ष ब्रह्मदेवाचा मेहुणा आला तरी बदल नाही. एका जुन्या अधीक्षकांनी आपल्या साडूंसाठी फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "साहेब, तुमच्या साडूंना दोन पाय आहेत ना? बाकीच्यांनाही दोनच आहेत." त्यानंतर बाईंची बढती सात वर्षं अडली. त्याचाही त्यांना राग होता, पण त्या रागात थोडी ऐट होती.

तर एका सोमवारी सकाळी खिडकीवर आरडाओरडा ऐकू आला. फरशी बसवणारा एक माणूस होता, पन्नाशीचा. तीस वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांची घरं गुळगुळीत केली आणि त्यात स्वतःच्या गुडघ्यांचा भुगा झाला. चौदा महिने तो यादीत होता. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आणि डाव्या हातानं तो खिडकीच्या काचेवर थापा मारत होता.

"सहा आठवड्यांमागे मी चौथा होतो! फोनवर तुम्हीच सांगितलंत. आज सत्तेचाळिसावा कसा? माणूस रांगेत पुढे सरकतो की मागे?"

"कॉम्प्युटरनं ठरवलंय हो ते," कारकून म्हणाला. "आमच्या हातात काही नाही."

हे वाक्य ऐकलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या रांगेत कुणीतरी हात घातला होता. आणि यादीपाशी रोज बसणारा माणूस एकच होता.

"कुणाला पुढे घातलंस?" भरलेल्या दालनात त्या कारकुनावर कडाडल्या. "कुणाच्या सांगण्यावरून? काय मिळालं तुला? बोल ना आता! लोकांचे पाय विकतोस?"

कारकुनाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याची बायको त्याच दालनात औषधांच्या टेबलावर काम करायची, ती हातातलं काम सोडून बघत राहिली. तो "बाई, देवाशपथ…" एवढंच म्हणाला. बाकांवरच्या साठ-सत्तर माणसांनी ते ऐकलं आणि त्यांच्या दृष्टीनं निकाल लागला.

बाई तणतणत खोलीत आल्या, दार लावलं आणि नोंदी उघडल्या. यादीला कोण कधी हात लावतो याची एकूण एक नोंद त्यांनी ठेवलेली होती. सहा आठवडे, रोजचा दिवस, रोजचा तास. क्रमाला कुणीच हात लावला नव्हता. आणि तरीही यादी रोज बदलली होती. नवा एक माणूस दाखल झाला की दुसऱ्या दर्जातले सगळेच्या सगळे पत्ते पिसल्यासारखे इकडचे तिकडे. तिसऱ्या दर्जातलेही तसेच. एका दर्जातून दुसऱ्या दर्जात मात्र एकही माणूस गेला नव्हता.

सहा आठवड्यांपूर्वी काय झालं होतं? यंत्रांवरची प्रणाली नवी केली होती. बाईंच्याच सहीनं.

इथे थोडं सांगायला हवं. प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. वर्गमूळ काढणं, तारीख मोजणं, यादी क्रमानं लावणं, असली हमखास लागणारी कामं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असतात आणि ती त्या भाषेबरोबरच मिळतात. त्याला प्रमाण लायब्ररी म्हणतात. रुग्णालयातली प्रणाली मुक्त होती, म्हणजे तिची लायब्ररी जगभरातल्या माणसांनी, बरीचशी हौसेनं, मिळून लिहिलेली आणि आत डोकावायला सगळ्यांना मोकळी. बाई तिच्यातल्या क्रम लावणाऱ्या कामाला यादी द्यायच्या आणि एवढंच सांगायच्या, दर्जा बघ. दर्जानुसार यादी लागून यायची. सारख्या दर्जाची माणसं आली त्या क्रमानंच राहायची, कारण जुनी पद्धत त्यांना हलवत नसे. नव्या आवृत्तीत लायब्ररीवाल्यांनी पद्धत बदलली. ती संगणकाच्या कमी जागेत चालायची आणि सारखी माणसं वाटेल तशी उधळून द्यायची.

"गाढव लेकाचे!" बाई पडद्याला म्हणाल्या. "चालतं ते बिघडवायची खाज!"

त्यांनी त्या लायब्ररीवाल्यांच्या सामायिक पत्रपेटीत असं पत्र लिहिलं की वाचणाऱ्याला घाम फुटावा. तुम्ही घरी बसून खेळ खेळता, इथे माणसं लंगडतायत, वगैरे. उत्तर दुपारपर्यंत आलं. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या अनोळखी माणसानं शांतपणे लिहिलं होतं, की तुमच्या रुग्णांबद्दल वाईट वाटतं. आणखीही काहींची तक्रार आली आहे, जुनी पद्धत परत आणायचा विचार चालू आहे. पण लायब्ररीच्या पुस्तिकेत पहिल्यापासून लिहिलेलं आहे की दोन गोष्टी सारख्या ठरल्या तर त्यांचा आपसातला क्रम काय राहील याची हमी नाही. तुम्हाला तारखेचा क्रम हवा होता, तर तारीख बघायला सांगायला हवं होतं.

बाईंनी पुस्तिका उघडली. वाक्य होतं. बावीस वर्षांपूर्वीची आवृत्ती शोधून उघडली, तिथेही होतं, त्याच जागी. एका ओळीचं. त्यांनी ते कधीच वाचलं नव्हतं.

आता राग धरायला कुणी उरलं नाही, आणि बाईंना त्याची सवय नव्हती. त्या संध्याकाळी घरी गेल्या तर भांडी आपटायला लागल्या. नवरा पडदे शिवायचा, पुढच्या खोलीत मशीनवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पायानं मशीन थांबवलं आणि म्हणाला, "अगं, माझं चुकलं असं एकदा म्हणून बघ. जीभ झडत नाही."

"तुम्ही गप्प बसा."

"मी गप्पच आहे. तीस वर्षं आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रोग्राम दुरुस्त केला. दर्जा सारखा असेल तर तारीख बघ. एक ओळ लागली. बावीस वर्षांत जी लिहिली नाही ती चार मिनिटांत लिहून झाली, आणि याचा त्यांना स्वतःचाच संताप आला. मग त्यांनी हिशेब मांडला. सहा आठवड्यांत दुसऱ्या दर्जातल्या बारा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यातले दोघेच खरोखर पाळीचे होते. फरशीवाल्याची पाळी दुसऱ्या आठवड्यात येत होती. आज तो काठी टेकत चालत असता.

कागद घेऊन त्या अधीक्षकांकडे गेल्या. साहेबांनी तो वाचला आणि उपडा ठेवला.

"दुरुस्त झालंय ना? मग संपलं. बोभाटा नको. कुणाला कळलेलं नाही."

"बारा लोकांत दहा चुकीचे गेले, साहेब."

"चुकीचे कसे? तेही आजारीच होते."

"आणि कारकून? सगळ्यांसमोर मी त्याला चोर म्हटलंय."

"त्याला मी समजावतो. चार दिवसांत लोक विसरतात."

"हेच!" बाईंचा आवाज चढला. "वहीत पान चिकटवायचे तेही हेच म्हणायचे!" त्यांनी उपडा कागद उचलला आणि बाहेर पडल्या.

दालनात नंबर पुकारायचा ध्वनिक्षेपक असतो. बाई खिडकीच्या आत गेल्या, कारकुनाच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि बटण दाबलं.

"यादी चुकली होती. प्रोग्राम मी लिहिला, चूक माझी. या माणसानं काहीही केलेलं नाही. काल मी याला जे बोलले ते खोटं होतं. दुरुस्त यादी आत्ता बाहेर लावते. नावं नाहीत, नोंदणी क्रमांक, दर्जा आणि आल्याची तारीख आहे. ज्यानं त्यानं ताडून बघावी."

कारकुनानं समोरचे कागद एका रेषेत लावले, परत लावले. औषधांच्या टेबलामागून त्याची बायको म्हणाली, "काल यापेक्षा मोठ्यानं बोलला होतात." बाईंनी पुन्हा बटण दाबलं आणि काल होता तेवढ्या आवाजात सगळं परत म्हटलं.

फरशीवाला आला होता. लोकांनी वाट दिली. बाई स्वतः बाहेर गेल्या.

"तुम्ही आता तिसरे आहात. पण…" त्यांची नजर प्लास्टरकडे गेली. सकाळीच त्या सर्जनशी बोलून आल्या होत्या. "गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही हातांवर भार देऊन चालावं लागतं. मनगट जुळेपर्यंत करता येणार नाही म्हणतात. अडीच-तीन महिने."

"मनगट कसं मोडलं माहितीये?" तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात. जिन्यावर गुडघा दुमडला."

कुणालातरी झापावं, एवढीच बाईंना इच्छा झाली, आणि झापायला समोर कुणी नव्हतं.

"त्या सर्जनसाहेबांच्या घरची फरशी मी घातलीये," फरशीवाला म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "न्हाणीघर, गच्ची, सगळं. बायको चौदा महिने म्हणत होती, जा, एक शब्द टाका. मी म्हटलं, तिथे एक बाई आहेत, त्या कुणाचं ऐकत नाहीत. आपला नंबर येईल. मी कुणाच्या पाया पडलो नाही, बाई. तुमच्यामुळे पडलो नाही."

"माझं चुकलं."

"हो," तो म्हणाला, आणि यादीकडे वळला.

डाव्या हाताचं बोट लावून तो वाचायला लागला. क्रमांक, दर्जा, तारीख. त्याचा क्रमांक तिसऱ्याच ओळीत होता, तिथे तो थांबला नाही. दहावी ओळ झाली, पंधरावी झाली. मागे माणसं खोळंबली होती. कारकुनानं खिडकीतून हलकेच विचारलं, "काका, तुमचा सापडला ना?"

"माझा सापडला. बाकीच्यांचे बघतोय."

बाईंनी आतून स्वतःची खुर्ची ओढत आणली आणि त्याच्यामागे ठेवली. तो बसला. आभार मानले नाहीत. दुसऱ्या दर्जात एकशे बारा माणसं होती. प्रत्येक तारीख वरच्या तारखेशी ताडून बघायला त्याला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ बाई भिंतीशी उभ्या होत्या.