मोहाखाली चालेल असा टॉर्च

"शटर ओढ."

भरदुपारी, बाजाराच्या दिवशी, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना ती हे म्हणायची. नमस्कार नाही, चौकशी नाही. पिशवी काउंटरवर टेकवायची आणि वर शटरकडे बोट करायची. उन्हात पाहून टॉर्च घेणं तिला कबूलच नव्हतं.

"मावशी, बाकीची माणसं आहेत ना."

"राहू दे. त्यायलेबी दिसंल."

मी शटर ओढायचो. गिऱ्हाइकं आधी हसायची, मग तीही अंधारात मान पुढे काढून बघत राहायची.

आमगावात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. सालेकसाच्या अंगाला, जंगलाला खेटून असलेल्या एका गावातून ती यायची. साठीची, काटक, समोरचे दात गेलेले. तुमच्याही बाजारात अशी एखादी बाई असेल, जी काकडी विकत घेताना चार काकड्या चाखून बघते आणि काकडीवालाच शरमतो. ही तशी होती, फक्त टॉर्चच्या बाबतीत.

मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडायच्या आत झाडाखाली पोचलं नाही तर गुरं, हरणं, डुकरं, कुणीही खाऊन जातं. अस्वलालाही मोह आवडतो, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून टॉर्च. पण कसा, याचं तिचं गणित कुठल्याच खोक्यावर छापलेलं नव्हतं. मी म्हणायचो, हा बघ, एवढासा आहे, पण उजेडाची फेक पार तळ्यापलीकडे. ती म्हणायची, "तळ्यापलीकडं माहं काय आहे? मले पायाजवरचं दाखव."

मग ती पदराच्या खोच्यातून वाळलेली मोहफुलं काढायची आणि माझ्या फरशीवर उधळायची. बंद शटरच्या अंधारात टॉर्च लावून ती वेचायला बसायची. दोन्ही हात फुलांना लागतात, म्हणून टॉर्च तोंडात. समोर दात नाहीत, म्हणून दाढेत. जाड असला की तोंडातून काढून पदराला पुसून परत. "हा दातवाल्यायसाठी आहे. दुसरा दाखव."

निळसर उजेडाचा नको, त्यात फूल आणि पाचोळा एकच दिसतो. डोक्याला बांधायचा दिवा दाखवला तर तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आन् टोपली काय तुह्या डोक्यावर देऊ?" येताना भरली टोपली डोक्यावर असते, हे मला सुचलं नव्हतं. एक टॉर्च तिच्या खोच्यात आपोआप पेटला आणि चांगलाच तापला. तेव्हा ती ओरडली नाही. शांतपणे काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "हा लुगडं जारून राहिला. दुसरा दाखव."

आता जे सांगायचं आहे ते मी घरीसुद्धा बोललो नाही.

त्याच सुमारास तिचा मुलगा दुकानात येऊन गेला होता. भाताच्या गिरणीत कामाला होता, गरीब स्वभावाचा. आदल्या साली त्यांच्या गावातल्या एका बाईला मोहाखाली अस्वलानं फाडलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, तिले टार्च देऊ नोका. समजावून थकलो. पसंतीचा टार्च भेटला नाही तर बसंल घरी. काहीतरी खराबी सांगत जा."

मी हो म्हणालो. मुलाची काळजी खरी होती आणि मला हो म्हणणं सोपं होतं. ती जायचा हट्ट का धरते, हे तिला विचारावं असं मनात आलं नाही. कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं, बाजारात सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या गावात मोहाची झाडं घराघराला वाटलेली असतात. कागद नसतो. जो वेचतो त्याचं झाड. एक-दोन साल कुणी फिरकलं नाही की दुसरा वेचू लागतो, आणि मग भांडायला तोंड उरत नाही. हे झाड तिला सासूनं हात धरून दाखवलं होतं. तिला ते सुनेच्या हाती द्यायचं होतं, आणि सून तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली.

तर मी खराबी सांगू लागलो. हा तापतो. याचं चार्जिंग टिकत नाही. यात पाणी जातं. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे नीट बघायची आणि म्हणायची, "दुसरा दाखव."

शेवटी अंगठ्याएवढा एक आला. उजेड पिवळट, पसरट. बटण दाबून धरलं की कुलूप लागायचं, खोच्यात पेटायची भीती नाही. दाढेत नेमका बसला. तिनं फरशीवरची सगळी फुलं वेचली, उठली, टॉर्च माझ्या हातात दिला.

"यात काय खराबी आहे, सांग."

मी वर पंख्याकडे पाहिलं. म्हणालो, "हा विकला गेलाय, मावशी. एकाचा सांगून ठेवलेला आहे."

तिनं पिशवी उचलली. त्या दिवशी दुसरा दाखव म्हणाली नाही.

मोह गळू लागला तशी ती वेचायला गेलीच. टॉर्च नाही म्हणून घरी बसणारी ती नव्हती. मुलानं चुकीचं ओळखलं होतं, आणि मीही. घरातला जुना दोन सेलचा, मेल्या उजेडाचा टॉर्च घेऊन गेली आणि नाल्याच्या काठावरून घसरली. खुबा मोडला.

महिनाभर मी गेलो नाही. बातमी आली की गिऱ्हाइकाकडे वळायचो. मग एका बाजाराच्या दिवशी काउंटरपुढची तिची जागा रिकामी पाहवेना. दुकान बंद केलं, टॉर्च खिशात घातला आणि गेलो. अंगणात बाजेवर पडली होती. मी टॉर्च उशाशी ठेवला.

"हा तं विकला गेलता ना?"

"नव्हता."

"मालूम आहे. खोटं बोलताना तू तिकडं पाह्यतेस," ती म्हणाली. "दर खेपेला दुकानातल्या पंख्याकडं पाहून राहिला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तोंड तुहं होता, बोलनं माह्या पोराचं होता. तुह्याशी कायले भांडू?"

मुलगा दारात उभा होता.  तिनं विषय तिथेच सोडला, माहेराहून परतलेल्या सुनेला हाक मारली आणि टॉर्च तिच्या हातात दिला. तोंडात कसा धरायचा ते दाखवलं. मग मला म्हणाली, "आता मले दूरचा पाह्यजे. या बाजेवरून त्या वळनापर्यंत. ही जाईल तवा मले दिसली पाह्यजे."

पुढच्या आठवड्यात मी पिशवीभर टॉर्च घेऊन गेलो. अंगणाला शटर नसतं, म्हणून दिवेलागणीपर्यंत थांबलो. वळणावर एक बेहड्याचं झाड होतं. बाजेवरून एकेक टॉर्च ती त्या बुंध्यावर मारू लागली. मी प्रत्येकाची खरी खराबी सांगितली, आणि चांगलं होतं तेही सांगितलं.

"आता बरोबर बोलून राहिला," ती म्हणाली. "दुसरा दाखव."

नंतरचे मोसम सून वेचायला गेली. सासू बाजेवरून वळणापर्यंत तिच्या पुढे उजेड टाकायची, आणि सून झाडाआड गेली तरी बराच वेळ बंद करायची नाही. हे मला मुलानं सांगितलं. झाड त्यांचंच राहिलं.

गेल्या पावसाळ्यात मावशी वारली.

यंदा मोह फुलायच्या आधी मुलगा दुकानात आला. आईचा टॉर्च काउंटरवर ठेवला. त्याचं बटण झिजून आत गेलं होतं. "असाच पाह्यजे. वळनापर्यंत जानारा. आता मी उभा राह्यतो अंगनात." मी एक काढून दिला. त्यानं तो हातात तोलला, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि जरा संकोचून म्हणाला, "भाऊ, शटर ओढता का?"

ओढलं. त्यानं उजेड मागच्या भिंतीवर टाकला.

"यात काय खराबी आहे?"

"जास्त वेळ लावून ठेवला की उजेड उतरतो," मी त्याच्याकडे बघून म्हणालो. "वहिनी झाडाआड जाईपर्यंत पुरेल. त्यापुढे नाही."

 त्यानं टॉर्च बंद केला आणि अंधारातच माझ्यापुढे धरला.

"दुसरा दाखवा."

मी शटर तसंच राहू दिलं आणि फळीवर हात घातला.