भैंशाच्या तळ्यातली टगबोट

गेल्या महिन्यात मुलगा निर्मल गावातल्या दवाखान्यातून एकटाच परत आला. चप्पल न काढताच ओट्यावर बसला, तेव्हाच मला कळलं. त्याला सांगायची वेळ येऊ नये म्हणून मीच विचारलं, "गेले ना हे?"... ह्यांना आमच्या भैंशा गावात सगळे मास्तर म्हणत, शाळेत विज्ञान शिकवायचे. घरचा पंखा वर्षभर कुरकुरत असे, तिकडे ढुंकून पाहत नसत. आणि जन्मात समुद्र न पाहिलेल्या ह्या माणसाला वाफेवर चालणारी हातभर लांब टगबोट करायची होती! टग म्हणजे मोठ्या जहाजाला दोरीनं ओढून बंदरात आणणारी लहान बोट. रद्दीतल्या एका मासिकात तिचं चित्र सापडलं होतं, दोन्ही अंगांना फळ्यांची चाकं आणि मधे उंच धुराडं. "नुसती तरंगून काय फायदा? तिनं ओढलं पायजे," म्हणायचे.

पहिली बोट ऐंशी सालानंतर कधीतरी झाली. इंजिन ह्यांनी घरी जुळवलं, पण लाकडी अंग निर्मलच्या खेळणी करणाऱ्या कारागिराकडून आणलं. त्यानं आपल्या रीतीनं हलक्या लाकडाचे तुकडे चिंचोक्याच्या खळीनं जोडले, वर मोर आणि वेलबुट्टी काढली. "मास्टर गारू, दीवानखाने में रखना," असं तेलुगूतलं आदराचं 'गारू' लावून बजावलंही. ह्यांनी ती तळ्यात सोडली. खळ पाण्यात सुटणार, एवढं विज्ञानाच्या मास्तरांच्या डोक्यात आलं नाही! आधी रंगाला फुगे आले, मग मोर एकीकडे आणि बोटीचं पुढचं टोक दुसरीकडे. काठावरचे सगळे हसले, मीही हसले. ह्यांनी इंजिन फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

पुढे ह्यांचे हात थरथरायला लागले. खडू गळून पडायचा, चहा पायजम्यावर सांडायचा. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ह्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. मला फार भीती वाटली. हात पुरते जायच्या आधी ह्यांनी ती बोट एकदा तरी ओढताना पाहावी, एवढंच मनात होतं. मीच माळ्यावरून गाठोडं काढलं. "आता कोन करनार?" हे म्हणाले. "तुमी सांगा, मी करते." सुताराकडून सागवानी अंग करून घेतलं. बाकीचे स्क्रू, नळ्या, चाकांच्या फळ्या मी बसवल्या, आणि हे स्टुलावरून हुकूम सोडायचे. "हळू... घाई काऊन करून राह्यली?" एकदा वैतागून मी म्हटलं, "मंग तुमीच करा!" आणि लगेच जीभ चावली. हे मात्र हसत सुटले. कितीतरी दिवसांनी हसले.

तळ्यावर बोटीच्या मागे दोरीनं जेवायला बसायचा लाकडी पाट बांधला. "वाफ मी सोडीन," हे म्हणाले. त्या इवल्या तोटीवर ह्यांची बोटं कापत होती. चाकं फिरली, दोरी सावकाश ताणली गेली आणि पाट मागून निघाला. आम्ही दोघंही काठावर बसून रडलो... मग दर रविवारी तेच.

परवा मुलाला घेऊन मी तळ्यावर गेले. वाफ मीच सोडली. माझे हात चांगले धडधाकट आहेत. तोटी एका फिरकीत उघडली, चाकांनी एकदम उसळी घेतली, दोरीला हिसका बसला आणि पाट उलटला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा कुठे उमगलं, ह्यांच्या कापऱ्या बोटांनी तोटी जराजराशी उघडायची, म्हणून बोट तशी अलगद निघायची. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम बोटं थरथरवून पाहिली. नाही जमलं.