दिवसा वाचलेली गोष्ट

माझा भाऊ मोहफुलं वेचायला गेला आणि परत आला नाही, त्या सकाळी माझ्या मुलीने एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं.

ती पहिलीत होती. पुस्तक बेडकाच्या छत्रीचं. पानावर दोन ओळी आणि बाकी चित्र. ओट्यावर बसून, अक्षराखाली बोट सरकवत तिने ते मोठ्याने वाचलं. मी आत तांदूळ निवडत होते. "मम्मी, झालं!" ती ओरडली. "संध्याकाळी मामाले वाचून दाखवीन."

मी शाळेत शिकवते, म्हणून तिला वाचनाची गोडी मीच लावली असं गावात म्हणत. मी फक्त पुस्तकं आणली. गोडी भावाने लावली. मोहफुलांची एक जुनी टोपली धुऊन त्याने तिला पुस्तकांसाठी दिली होती. किती धुतली तरी वास गेला नाही. आमच्या घरातल्या पुस्तकांना अजून मोहाचा वास येतो. संध्याकाळी शेतावरून आला की तो पाय पसरून तिच्याजवळ बसायचा आणि चित्रावर बोट ठेवून मुद्दाम चुकायचा.

"हा कोंबडा हाय ना?"

"मामा, बेडूक आहे तो! तुले काहीच येत नाई."

"मंग तूच वाच, मॅडम. मी तं शाळेत ढच होतो."

एक पुस्तक पूर्ण वाचून दाखवशील तेव्हा आरमोरीच्या बाजारातून नवीन आणीन, असं त्याने कबूल केलं होतं.

ती दिवसा पुस्तक घेऊन बसली की माझी आई कुरकुर करायची. "दिवसा गोष्ट सांगू नाई वो, मामा वाट चुकते." ही आमच्याकडची जुनी समजूत. गोष्टी दिवे लागल्यावर सांगायच्या; दिवसा सांगितल्या तर पोराचा मामा रस्ता भुलतो. भाऊ हसायचा. "डोळे बांधून सोड मले जंगलात, घरी येतो का नाई पाह्य. वाच वो तू."

त्या दुपारी गावातली माणसं काठ्या घेऊन जंगलात गेली आणि त्याला झाकून घेऊन आली. तो झाडाखाली वाकून फुलं वेचत होता. वाघ मागून आला. मुलीला शेजारणीने आपल्या घरी नेऊन ठेवलं होतं. ती परत आली तेव्हा ओट्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती आणि आत बुद्धवंदना चालू होती.

नंतर बरेच दिवस मला फारसं काही दिसत नव्हतं. टोपलीवर पोतं टाकलेलं आहे, हेही उशिरा लक्षात आलं. मला वाटलं, आईने झाकली असेल. मग एकदा तिच्या वर्गात मी गोष्ट वाचायला घेतली, तेव्हा माझ्या मुलीने दोन्ही कान दाबून धरले. घरी आल्यावर मी पोतं काढून एक पुस्तक उघडलं. तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

"नको वाचू, मम्मी. अजून दिवस आहे."

"मग काय झालं?"

"मी दिवसा वाचली म्हणून मामा वाट चुकला. आजीनं सांगितलं."

मी आईकडे गेले. ती चुलीपुढे बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. मी विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"लेकरू विचारून राह्यलं होतं, मामा कुठी गेला. वाघ सांगू काय त्याले? वाट चुकला म्हटलं. आणखी काय म्हणू मी?"

दिवसाच्या गोष्टीबद्दल स्वतःच पूर्वी म्हटलेलं तिच्या ध्यानातही नव्हतं. तिचा मुलगा गेला होता.

मुलीला सांगायचं तर वाघ सांगावा लागणार होता. न सांगावं तर तिला आयुष्यभर वाटणार होतं की मामाला आपण मारलं. मी तिला ओट्यावर घेऊन बसले आणि जसं झालं तसं सांगितलं.

"मंग त्याले वाट माहीत होती?"

"माहीत होती. त्याला सगळ्या वाटा पाठ होत्या."

"दुखलं काय त्याले?"

"हो," मी म्हटलं. या एका उत्तरासाठी मला खोटं हवं होतं, पण खोटं आधीच सांगून झालं होतं.

ती रडली नाही. उठून आजीजवळ जाऊन बसली. त्यानंतर कितीतरी रात्री तिने मला दाराची कडी तपासायला लावली.

आता ती वाचते. दिवे लागल्यावर, मनातल्या मनात. दिवसा टोपलीवर पोतं असतं. बेडकाच्या छत्रीचं पुस्तक तळाशी आहे. ते तिने कुणालाच वाचून दाखवलेलं नाही.