एका कट्ट्याचं वजन

माह्या चक्कीवरचा काटा खोटा नाई. मोहाडीत कोनालेही विचारा. लोखंडी पाटाचा जुना काटा आहे, माह्या नवऱ्यानं घेतलेला. दांडीवरचा गोळा सरकवा लागते अन् आकडा फक्त माह्या बाजूनं दिसते. लोक म्हनते, निर्मलाबाईचं तोंड लय वाईट, पन दळनातलं मूठभर पीठही ती ठेवून घेनार नाई. हे आधीच सांगून ठेवते, कारन ह्याच काट्यावर मले परसरामनं फसवलं.

परसराम समोरच्या घरचा. तुमसरच्या राईस मिलमंधी हमाल होता. आमच्याकडं धानाच्या चाळीस किलोच्या पोत्याले कट्टा म्हनते, अन् ह्या मानसाची उमर कट्टे वाहन्यातच गेली. दिसाले किरकोळ, पन पाठ पक्की. कोनी वजन वाढवाले धानात रेती मिसळली असन तं पोतं न उघडता त्याले समजे. "रेती चावते न बाई पाठीले," असं म्हने. तोंडात दिवसभर खर्रा, तंबाखू-सुपारीचा. मी कितीकदा बोलली असन, "थुक तो खर्रा, मराची घाई झाली काय तुले?" तं तो हसे, अन् माह्याच भिंतीच्या कोपऱ्यात पिचकारी मारे. मंग माहा पारा अजून चढे.

मांगच्या पावसाळ्यात त्याच्या गालात आतून फोड आला. तो काही जाईना. नागपूरले मोठ्या दवाखान्यात नेलं तं कॅन्सर निघाला. डाक्टर म्हने आपरेशन होऊ शकते, पन अंगात जीव पाह्यजे. चाळीस किलोच्या वर न्या, मंग तारीख देतो. तवरक नाकातून नळी टाकून पातळ अन्न देऊ म्हने, तं परसरामनं दोन्ही हात जोडले. नळी नाई म्हने, काही झालं तरी नाई.

त्याची बायको पंचफुला दवाखान्यातून आली ते घरी न जाता सरळ माह्या चक्कीवर.

"निर्मलाबाई, एक कट्टा भरला पाह्यजे."

"कायचा कट्टा? धान आनलं काय?"

"नाई वं बाई, रुचिताचे बाबा. चाळीसच म्हने डाक्टर. म्हनजे कट्टाच न?"

अन् माह्याकडं अशी पाहून राहिली का मी हो म्हनलं तं तिथंच त्याचं वजन वाढन. मले रडू आलं, म्हनून मी चक्की चालू केली. त्या आवाजात कोनाले काही ऐकू येत नाई.

भात त्याच्या घशाखाली उतरे ना. दूध द्या तं नुसत्या दुधाचा त्याले वीट. पन चाकलेटचं त्याले पयलेपासून वेड. रुचिता, त्याची पोरगी, लहान होती तवा तिच्यासाठी आनलेलं चाकलेट मिलवरून घरी येता येता अर्धं हाच खाऊन टाके. आता रुचिता पुन्याले कंपनीत आहे. तिनं मायच्या मोबाईलवर व्हिडिओ पाठवला, चाकलेटची ताकदीची पावडर घरी कशी कराची त्याचा. गहू भिजवा, मोड आना, वाळवा, भाजा, दळा.

पंचफुला तिथंच अडली. "कोंब फुटलेलं धान्य खाऊ घालू त्याईले?" म्हने. तिचंही बरोबरच होतं. आमच्याकडं कापनीच्या टायमाले पानी आलं अन् पडल्या धानाले कोंब फुटले, का ते मातीमोल. मी म्हनलं, "अवं, हे मुद्दाम फोडलेले कोंब आहे. पोरगी शिकलेली आहे, ऐक तिचं." तवा कुठं तिनं गहू भिजवले.

मंग काय विचारता! फडक्यात बांधलेले गहू मडक्यात, मोड आलेले गहू छतावर खाटेवर, अन् पाखरं हाकलाले पंचफुला खुद्द बाजूले बसलेली. वाळले का मंद आचेवर बदामी रंगावर भाजे. तळहातावर चोळून चोळून ते सुकलेले कोंब काढे, नाई तं कडू लागते म्हने. मंग दळाले माह्याकडं. मी बोंबलत राहो, का तुह्या भाजक्या गव्हाचा वास मांगून येनाऱ्याच्या पिठाले लागते, पन चक्की पुसून तिचंच आधी दळून देत होती. घरी नेऊन जुन्या ओढनीतून चाळे. त्याच्यात पिसलेली साखर, दुधाची पावडर अन् तुमसरहून आनलेली केकवाल्याची कोको. सारं काचेच्या बरनीत, अन् रोज दुधात कालवून कपभर त्याले. एक चमचाही दुसऱ्या कोनाच्या तोंडात जाऊ देत नव्हती. स्वतःच्याही नाई.

अन् बाजाराच्या दिवशी परसरामले माह्या काट्यावर आने.

पयल्यांदा आला तवा अंगावरची शाल काढून त्यानं पंचफुलाच्या हातात देल्ली. म्हने, "बारदाना वजा करा लागते न बाई." मिलमंधी धान मोजताना रिकाम्या पोत्याचं वजन कापते, तो बारदाना. तोंड धड उघडत नव्हतं, पन मस्करी सुटली नव्हती. मी गोळा सरकवला. पस्तीस. पुढच्या बाजाराले पस्तीसच. त्याच्या पुढच्या बाजाराले पस्तीसले कमी.

ज्या दिवशी काटा चढला नाई, त्या दिवशी पंचफुलाच्या पोटात अन्नाचा कन जात नव्हता. मी डबा घेऊन गेली तं तसाच झाकून ठेवे. "त्याईच्या घशाखाली उतरत नाई, माह्या कसं उतरन?" म्हने. मी शिव्या देल्ल्या, समजावलं, काही उपयोग झाला नाई. परसराम खाटेवरून आमचं बोलनं ऐकत राहे.

मंग थंडी पडली अन् काटा चढला.

किलोभर चढला. पुढच्या बाजाराले अजून. पंचफुलानं माहा हात असा दाबला का बांगडी रुतली. "पावडर लागू पडली वं!" त्या दिवशी ती माह्याच चक्कीवर बसून दोन भाकरी जेवली, संग मिरचीचा ठेचा. परसराम भिंतीले टेकून तिच्याकडं पाहे. आता तो शाल काढत नव्हता. थंडी वाजते म्हने. मी म्हनलं, राहू दे बाप्पा, शालीचं असून असून किती असन.

त्याच दिवसात मांगं न्हानीचं काम काढलं होतं मी. रेतीचा ढीग पडून होता, अन् कोनी तरी रोज त्याच्यात हात घाले. मी गल्लीतल्या साऱ्या पोट्ट्यायले झोडपलं तोंडानं. अजून एक, परसरामच्या खाटेमागून माह्या भिंतीपर्यंत काळ्या मुंग्यायची रांग लागली होती. मी पंचफुलालेच बोलली, "साखर सांडत नोको जाऊ वं, माह्या दळनात मुंग्या शिरते." ती म्हने, "मी कुठं सांडते? कप तं रोज रिकामा येते." आता बसून विचार केला का वाटते, दोन्ही डोळे असून मी आंधळी होती काय? पन चांगली गोष्ट होऊन राहिली असली का कोन उकरत बसते?

संक्रांत झाली अन् काट्यानं चाळीसच्या वर उडी घेतली. "कट्टा भरला!" मी ओरडली. दळनाले आलेल्या बायाही हसल्या. पंचफुलानं काट्याच्या लोखंडी पाटाले हात लावून कपाळाले लावला. मी तं चक्कीच बंद करून त्याईच्या संग नागपूरले गेली.

दवाखान्यातली सिस्टर म्हने, "शाल काढा बाबा, वजन घ्याचं आहे." परसरामनं मान हलवली. "थंडी," म्हने. पंचफुला हसली, "अवो, आता कायची थंडी, दाखवा न त्याईले आपलं वजन!" अन् तिनंच शाल ओढली.

आत कमरेले हमालाचा गमछा बांधला होता. पदर पदर घडी करून, प्रत्येक घडीत गाठ, अन् प्रत्येक गाठीत फुगवटा. पंचफुलाले वाटलं गरमीसाठी काही बांधलं असन. तिनं एक गाठ सोडली तशी रेती सांडली. पांढऱ्या फरशीवर, माह्या न्हानीची रेती.

सिस्टरनं सारा गमछा काढाले लावला. दवाखान्याच्या काचेच्या काट्यावर तेहतीस आलं. सिस्टर बोलली, फरशी खराब केली म्हनून. पंचफुला खाली बसली अन् दोन्ही हातानं ती रेती गोळा कराले लागली, सांडलेले भाजके गहू गोळा करावे तशी. मी म्हनलं, "सोड वं, सोड," अन् दंडाले धरून तिले उठवलं.

डाक्टरनं तारीख देल्ली नाई. घशातली वाट बंद होत आली म्हने, लय दिवसापासून. आता आपरेशनचा उपयोग नाई, घरी न्या.

बाहेर बाकावर पंचफुलानं त्याले विचारलं, "काहून केलं असं? मले काहून फसवलं?" परसरामचं बोलनं तवा फक्त तिलेच समजे. त्यानं बोटानं काटा चढल्यासारखं दाखवलं, मंग तिच्या तोंडाकडं घास नेल्यासारखं. दोन-तीनदा तसंच केलं. ते समजाले मले शब्दाची गरज पडली नाई. ज्यानं उमरभर कट्ट्यातली रेती पकडली, त्यानं बायको जेवावी म्हनून ती स्वतःले बांधली होती. अन् पावडरीचा कप? तो खाटेमागं रिता करे, मुंग्यायले.

होळीच्या आधी तो गेला. विहारातले लोक आले, वंदना झाली, रुचिता आली अन् सुट्टी सरली तशी परत गेली. मायले चाल म्हने, पंचफुला गेली नाई. छतावर तिचे मोड आलेले गहू वाळून पडले होते, परसराम होता तवा भिजवलेले. एक दिवस तेच भाजून माह्याकडं घेऊन आली.

"दळून द्या."

"कोनासाठी वं आता?"

"टाकू कसे?"

मी दळून देल्लं. तिनं घरी जाऊन चाळलं, साखर-कोको घातली, अन् दोन कप करून चक्कीवर आली. एक मले देल्ला, एक स्वतः तोंडाले लावला. इतक्या महिन्यात पयल्यांदा.

"चांगलं झालं आहे न?" तिनं विचारलं.

चांगलंच झालं होतं. गोड, घट्ट, भाजक्या गव्हाच्या वासाचं. वाईट असतं तं बरं झालं असतं. मी हो म्हनलं.

"मंग पिलं काहून नाई त्याईनं?"

मले राग आला. कोनावर ते मले अजून माहीत नाई. "पानी उतरत नव्हतं त्याच्या घशातून! तुह्या पावडरीचा काय दोष? लाख वेळा सांगू काय?" तिनं दोनच घोट घेऊन कप खाली ठेवला. तवा मी तिच्या हाताकडं नीट पाह्यलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. चूल किती दिवसाची पेटली नसन, कोन जाने.

"चढ काट्यावर," मी म्हनलं.

"मी? कायले?"

"चढ म्हनलं तं चढ!"

ती चढली. मी गोळा सरकवला अन् आकडा मनातच ठेवला. म्हनलं, दर बाजाराले याचं, नाई तं तुहं दळन बंद. तिचं कुठलं दळन होतं आता? पन आली. पुढच्या बाजाराले आली. काट्यावर उभी राहून तिनं पदर सोडला, झटकला अन् मले दाखवला. "पाहा बाई, माह्याजवळ रेती नाई."

मी गोळा सरकवला. मांगच्या बाजाराच्या खुनेपाशी तो थांबला नाई, अजून खाली गेला. कट्टाही भरत नव्हती ती.

"वाढली वं," मी म्हनलं. "किलोभर वाढली."

"खरं?"

"माहा काटा खोटा आहे काय?"

ती हळूच उतरली, पदर डोक्यावर घेतला अन् घरी गेली. संध्याकाळी समोरून भाताचा वास आला.