काकूंना गुडघा येत नाही

शिवणकामाच्या वर्कशॉपमध्ये कसले आलेत किस्से, असं माझे मित्र मला नेहमी विचारतात. त्यांना वाटतं, आम्ही दिवसभर खाली मान घालून बसतो. बसतो, हे खरं आहे. पण मशीनच्या बॉबिन केसमध्ये, म्हणजे खालच्या धाग्याच्या डबीत, रोज थोडा थोडा धाग्यांचा भुसा जमत असतो. दिसत कुणालाच नाही. एक दिवस मशीन अडकतं आणि आतून बोटभर गोळा निघतो. आमचे किस्से तसे आहेत. मुद्दाम कुणी जमवत नाही. खाली सांगतोय ते सगळे एकाच महिन्यात जमले आणि तेही एका दांड्यामुळे!

दांडा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मशीनमध्ये कापड दाबून धरणारा जो फूट असतो, तो कोपरा आला की उचलावा लागतो. मग कापड फिरवायचं आणि फूट पुन्हा खाली सोडायचा. जुन्या मशीनला त्यासाठी मागे एक छोटी कडी असते, ती हाताने वर करायची. नव्या पॉवर मशीनला कडी असतेच, शिवाय टेबलाखाली, उजव्या गुडघ्याशेजारी एक दांडा लोंबतो. त्याला रबराची गादी. गुडघा उजवीकडे दाबला की फूट वर, सोडला की खाली. दोन्ही हात कापडावरच राहतात.

इतकं सोपं. म्हणजे मला तसं वाटलं होतं.

*

आमचं वर्कशॉप धायरीत आहे, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही डॉक्टरांचे पांढरे कोट शिवतो. मॅडम नारायण पेठेत राहतात, स्कूटरवरून येतात, कमी बोलतात आणि जे बोलतात ते दोन दिवस पुरतं.

चार नवी मशीन आली त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "तू वाघोलीला फॅक्टरीत होतास ना? तिथे हेच मशीन होतं?"

"हो, मॅडम."

"मग या तिघींना तू शिकव."

मी घाबरलो. मी चारचौघांत नाव विचारलं तरी खाली बघतो. म्हणालो, "मॅडम, मी नववीत शाळा सोडलीय. मला शिकवता नाही येणार."

"उत्तम. जास्त शिकलेले शिकवायला लागले की कुणालाच काही कळत नाही."

मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "महिनाअखेर ट्रायल घेणार. हात कापडावरून उचलायचा नाही, फूट उचलायचा तो गुडघ्याने. ज्यांना गुडघा येणार नाही, त्यांनी मशीन सोडायचं आणि टेबलावर बसून धागे कापायचे."

रुक्साना आणि मंगल माझ्याएवढ्याच, त्या हसल्या. सुलभाकाकू हसल्या नाहीत. काकू तीस वर्षं मशीनवर बसतायत. मी इथे आलो तेव्हा मला कॉलर बसवता येत नव्हती. ती त्यांनी तीन वेळा उसवून शिकवली आणि चौथ्या वेळी माझ्याकडूनच उसवून घेतली. वर्कशॉपमध्ये त्यांच्यासारखा कोपरा कुणाचाच येत नाही. त्यांना धागे कापायला बसवायचं म्हणजे काय?

त्या मला एवढंच म्हणाल्या, "शिकव बाबा."

*

पहिल्या दिवशीच माझी पंचाईत झाली. समोर तीन बायका बसलेल्या. त्यांच्या गुडघ्यांकडे बघायचं कसं? बोट दाखवायचं कसं? मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शिकवायला लागलो.

"तर, तुमचा जो उजवा... म्हणजे पायाचा जो मधला भाग..."

"मधला म्हणजे कुठला, सर?" रुक्सानाने विचारलं. ती मला सर म्हणते ते मुद्दाम.

"जिथून पाय वाकतो, तो."

"घोटा पण वाकतो, सर."

"त्याच्या वरचा!"

मंगल म्हणाली, "वर म्हणजे किती वर?"

माझे कान गरम झाले. काकूंनी सुई थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. "अरे दीपक, गुडघा म्हण. आम्हालाही आहेत."

*

आठवडा गेला तरी तिघी विसरून कडीकडेच हात नेत होत्या. मॅडमनी एक पुठ्ठा घेतला, मार्करने काहीतरी लिहिलं आणि दारासमोरच्या भिंतीवर चिकटवला. "मशीनवर बसताना अक्कल गुडघ्यात ठेवावी."

दुपारी एक आजोबा पँट आखूड करायला घेऊन आले. आम्ही पँटची कामं घेत नाही, पण ते आले. त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसून परत वाचली.

"ही पाटी कामगारांसाठी आहे की गिऱ्हाइकांसाठी?"

मॅडम वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "ज्याला लागू पडेल त्याने घ्यावी."

आजोबा पँट ठेवून गेले. ती पँट मला आखूड करावी लागली.

*

मंगलचा त्रास वेगळाच. ती त्याच महिन्यात स्कूटी शिकत होती. तिच्या डोक्यात पक्कं बसलं, की दांडा म्हणजे ब्रेक. मशीन जोरात पळालं की ती गुडघा दाबायची. त्याने फूट वर जायचा, मशीन काही थांबायचं नाही. खाली धाग्याचं घरटं तयार!

"सर, थांबतच नाही हे!"

"पाय काढा, ताई!"

"कुठला?"

"दोन्ही!"

तिने दोन्ही पाय वर घेतले आणि स्टुलावर मांडी घालून बसली. मशीन थांबलं. ती म्हणाली, "हे बरं आहे." पुढचे दोन दिवस ती मशीन थांबवायला मांडी घालत होती.

मी तिला कागदावर चित्र काढून दिलं. पेडल म्हणजे चालू-बंद, दांडा म्हणजे फक्त फूट. तिने पाठ केलं. सोमवारी ती उशिरा आली, स्कूटीचा आरसा हातात.

"सिग्नलला मी गुडघा दाबला, सर. गाडी थांबली नाही. पुढे रिक्षा होती."

"लागलं का कुणाला?"

"नाही. पण रिक्षावाला फार बोलला. विचारत होता, गाडी कुणी शिकवली."

"मग? काय सांगितलंत?"

"तुमचं नाव."

*

माझंही काही बरं चाललं नव्हतं. दिवसभर 'असं दाबा, असं सोडा' करून दाखवल्यामुळे माझा गुडघा आपोआप उजवीकडे जायला लागला होता. सिंहगड रोडच्या बसमध्ये एका काकांशेजारी बसलो होतो. दोन स्टॉप गेल्यावर ते म्हणाले, "अहो, ढकलताय कशाला?"

"सॉरी काका. सवय आहे."

"ढकलायची?"

"नाही, म्हणजे फूट उचलायची."

काकांनी माझ्या चपलेकडे बघितलं. मग म्हणाले, "उचला की मग. आमच्या मांडीची परवानगी कशाला पाहिजे?"

मी उरलेला रस्ता उभ्याने गेलो.

*

ट्रायलच्या आधीच्या आठवड्यात माझंच मशीन बिघडलं. टाके सैल पडायला लागले, कापड पुढे सरकेना. फूट कापडाला पुरता टेकतच नव्हता. मेकॅनिक सकाळी दहाला आला, तेव्हा मशीन एकदम ठणठणीत. तो गेला, बारा वाजले, परत तेच. दुसऱ्या दिवशीही तसंच.

"नक्की केव्हा बिघडतं?" त्याने फोनवर विचारलं.

"बारा ते दोन."

"मग त्याला जेवायची सुट्टी द्या," म्हणून त्याने फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मी त्याला हात जोडून सव्वाबाराला बोलावलं. तो टेबलाखाली वाकला आणि एक कापडी पिशवी बाहेर काढली. आत दुधी भोपळा. तो भोपळा दांड्याला टेकून फूट अर्धा वर धरून बसला होता!

"ही पिशवी कुणाची?" मेकॅनिक ओरडला.

भिंतीवर दुसरी एक जुनी पाटी होती, 'मशीनखाली सामान ठेवू नये.' मेकॅनिकने तिच्याकडे बोट दाखवलं. "पाटी काय शोभेला लावलीय?"

मॅडम बारा ते दोन माझ्या शेजारी स्टुलावर बसून माल चेक करतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "पिशवी माझी आहे. पाटी यांच्यासाठी आहे."

*

काकूंचं मात्र काही केल्या जमेना. पाटी लागल्यावर चार दिवस त्या दांडा दाबत होत्या, पण हाताने! कोपरा आला की कापड सोडायच्या, टेबलाखाली हात घालायच्या आणि गादी ढकलायच्या. कडी मागे चार बोटांवर होती. त्यापेक्षा खाली वाकायला जास्त वेळ लागत होता.

"काकू, अहो, हाताने नाही!"

"दांडा दाबायचा होता ना? दाबला."

मी रोज समजावत होतो, रोज घसा बसत होता. ट्रायलला तीन दिवस राहिले, तेव्हा चहाच्या सुट्टीत मी धीर करून विचारलं, "काकू, खरं सांगा. गुडघा दुखतो का?"

त्यांनी कपात फुंकर मारली. "दुखत नाही रे. माझ्या आईने मला लहानपणी एकच शिस्त लावली. बसताना गुडघे जोडून बसायचं. शाळेत जोडून, लग्नात पाटावर जोडून, एसटीत जोडून. पंचावन्न वर्षं झाली. आता तू म्हणतोस, गुडघा बाहेर टाका."

"चार बोटंच टाकायचाय, काकू."

"चार का होईना. समोर आपला इस्त्रीवाला उभा असतो."

"तो नाही हो बघत तुमच्याकडे."

"मला माहितीये तो बघत नाही. गुडघ्याला माहीत नाही."

संध्याकाळी मी उरलेल्या पांढऱ्या कापडाचा पडदा शिवला आणि काकूंच्या टेबलाला समोरून लावला. दुसऱ्या दिवशी काकू अर्धा तास बसल्या, दांड्याकडे गुडघा नेला आणि परत आणला.

"आता तर सगळेच बघतायत," त्या म्हणाल्या. "पडद्यामागे काय आहे म्हणून."

मी वैतागून पडदा काढायला गेलो. रुक्सानाने मला थांबवलं. "राहू दे ना, सर. पंख्याची धूळ येत नाही त्यांच्या पायावर."

मी मॅडमकडेही गेलो. म्हणालो, काकूंना जुन्या मशीनवरच ठेवलं तर? मॅडम म्हणाल्या, "जुनी मशीन सोमवारी जाणार. तू शिकवलंस की नाही, एवढंच सांग."

*

ट्रायलच्या दिवशी प्रत्येकीला दहा खिसे. एका खिशाला पाच कोपरे. मॅडम मोबाइलवर वेळ लावून समोर उभ्या.

रुक्साना पहिली, एका झटक्यात पास. मंगलनेही जमवलं, शेवटी सवयीने मांडी घातली तेवढंच. मग काकू. रुक्साना तिचं काम संपवून काकूंच्या उजव्या हाताला, आपल्या मशीनवरच धागे काढत बसली होती. मी हातात बॉबिन घेऊन बाजूला उभा होतो.

काकूंनी पदर खोचला, मशीन चालू केलं. पहिला कोपरा आला. सुई आत थांबली. काकू म्हणाल्या, "हं."

फूट वर गेला! दोन्ही हात कापडावर. कापड फिरलं, फूट खाली. पुढचा कोपरा. "हं." फूट वर. मी बघतच राहिलो. तीन आठवडे मी ओरडतोय आणि आज हे!

चौथ्या खिशाला मॅडमनी विचारलं, "दम लागतोय का, सुलभाबाई?"

"वय झालं, मॅडम. हं."

सातव्या खिशाला रुक्सानाला जोरात शिंक आली आणि सरळ शिलाईच्या मधोमध काकूंचा फूट टुणकन वर उडाला. काकूंनी कापड गच्च धरलं आणि उजवीकडे एक जळजळीत नजर टाकली.

"हे काय झालं?" मॅडम म्हणाल्या.

"लचक भरली जराशी," काकू म्हणाल्या.

मला काही कळेना. तेवढ्यात माझ्या हातातली बॉबिन निसटली आणि घरंगळत पडद्याखाली गेली. मी ती घ्यायला वाकलो, पडद्याचं टोक उचललं.

काकूंचे दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटलेले होते, पाटावर बसल्यासारखे. दांड्याच्या गादीला एक पांढरी नाडी बांधलेली होती. ती सरळ उजवीकडे गेली होती आणि तिचं दुसरं टोक रुक्सानाच्या गुडघ्याला, सलवारीवरून, दोन गाठी मारून बांधलेलं होतं. रुक्साना वरून माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच ती मला सर म्हणाली नाही.

वर मशीन थांबलं होतं.

"दीपक," मॅडमचा आवाज आला, "खाली आहेसच तर नीट बघून सांग. गुडघा चालतोय का?"

मी मॅडमशी कधी खोटं बोललेलो नाही. मी परत एकदा नीट बघितलं.

"चालतोय, मॅडम. एकदम बरोबर चालतोय."

वरून काकू म्हणाल्या, "हं."

आणि रुक्सानाचा गुडघा उजवीकडे गेला.