भिंगरीचे बूट

...आणि तो उठलाच! एका पायात नवा बूट, दुसऱ्या पायात जुनी चप्पल, आणि स्वारी दुकानाच्या दारात. बूटवाला मागून ओरडतोय, "अहो, दुसरा तरी घालून बघा!" तर हा म्हणतो, "एक बसला म्हणजे दुसराही बसणार. जुळे भाऊ आहेत ते." काल इथपर्यंत आलो होतो आपण आणि मध्येच चहा आला. चहापुढं गोष्ट टिकत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. मी फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सामानाच्या खिडकीवर बसायचो. हातमोजे, फावडी, चाळण्या सकाळी द्यायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या. तिथं हा कामाला लागला. पायाला भिंगरी म्हणतात ना, ती याच्या दोन्ही पायांना होती, म्हणून नावच भिंगरी पडलं. खडी फोडली, विटा वाहिल्या, गोदीत पोती उचलली, बोगद्यात दिवे लावले. कुठंही चार महिने पुरे झाले नाहीत. एका ठिकाणी धूळ फार, दुसऱ्या ठिकाणी मुकादमाचा आवाज चिरका. एक नोकरी तर त्यानं समोरची भिंत रोज तीच दिसते म्हणून सोडली होती. स्वतःच सांगायचा, आणि सांगताना उजव्या पायावरून डाव्या पायावर व्हायचा.

पण या खेपेला बायकोनं खोलीच्या दारातच सांगून ठेवलं होतं. "ही पाचवी खोली आणि पोरीची चौथी शाळा. आता मी भांडी बांधायची नाही. तुम्हाला जायचं असेल तर जा, आम्ही दोघी इथंच राहणार." रडली नाही, ओरडली नाही. हे सांगताना ती फळीवर डबे लावत होती म्हणे. भिंगरी मला म्हणाला, "काका, ती ओरडली असती तर मला इतकी भीती वाटली नसती."

आता बुटांचं. ओतकामाचा बूट जड असतो, पुढं लोखंडी टोपी, जाड तळवा. नाडीचा चालत नाही, पट्ट्याचा लागतो. ठिणगी आत शिरली तर एका झटक्यात पाय बाहेर यायला हवा. पॅन्ट बुटाच्या वरून सोडायची, आत खोचायची नाही. बूटवाल्यानं हे सगळं सांगितलं आणि वर सांगितलं, "संध्याकाळी या. दिवसभर उभं राहून पाय फुगतो, तेव्हा माप घ्यावं. येताना जाड मोजे घालून या." पण संध्याकाळपर्यंत थांबेल तो भिंगरी कसला! सकाळी सातला, कामावर जाता जाता, पातळ मोज्यावर घेऊन आला.

दुपारी पाय फुगले. घोट्याखाली चामडं असं आवळलं की चेहऱ्यावर बारा वाजले. सुट्टीच्या दिवशी कुणाचं तरी ऐकून बूट रात्रभर बादलीत भिजत घातले. चामडं मऊ होतं म्हणे. सोमवारी ओलेच घालून हजर.

त्याचा जोडीदार होता ठोकळा. नावाप्रमाणेच चौकोनी माणूस, दिवसातून दहा शब्द बोलायचा, त्यातले चार जेवणाबद्दल. त्यानं ओले बूट पाहिले आणि दहाही शब्द तिथंच खर्च केले. "ओल्या बुटानं भट्टीजवळ येऊ नकोस. पाण्यावर लोखंड पडलं की उडतं!"

झालं. भिंगरीनं काय करावं? साच्यात बसवायचे वाळूचे गाभे भाजायची एक भट्टी होती आमच्याकडे, तिच्यावर बूट वाळत ठेवले. पाच मिनिटांसाठी. मग अनवाणी इकडं गप्पा मारल्या, तिकडं कुणाचं फावडं धरलं, माझ्या खिडकीशी येऊन पावणेदोन गोष्टी सांगितल्या, आणि तासाभरानं आठवण झाली. बूट वाळले होते. इतके वाळले होते की टिचकी मारली तर दार वाजवल्यासारखा आवाज येई. ते त्यानं पायात कोंबले. हो, तरीही!

वितळलेलं लोखंड डोलचीत घेतात. तिला दोन्ही बाजूंनी लांब दांडे. एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि दोघांनी एका चालीनं साच्यापर्यंत जायचं. थांबायचं नाही, पळायचं नाही, शिंक आली तर गिळायची. त्या दिवशी सातव्या पावलाला भिंगरी लंगडला. डोलची कलली आणि लाल लोखंडाची जीभ ठोकळ्याच्या पायापासून वीतभर अंतरावर वाळूत पडली. ठोकळा हलला नाही. दोघांनी साचा भरला, डोलची खाली ठेवली, मग तो म्हणाला, "पाय नीट करून ये. नाहीतर मी दुसऱ्याबरोबर उचलीन."

पाच मिनिटांत भिंगरी खिडकीशी. बूट हातात, टाचेला रक्त.

"काका, हातमोजे घ्या. हे काम आपल्याला मानवत नाही."

"काम मानवत नाही की बूट?"

"एकच ते."

"घरी काय सांगशील?"

तो बोटांनी खिडकीची कड वाजवत राहिला. मी हातमोजे घेतले, पण परत आल्याची नोंद केली नाही, म्हणजे वहीत तो कामावरच राहिला. एवढं एक शहाणपण आयुष्यात मी केलं.

घरी जायला धीर होईना, म्हणून तो भांडायला बूटवाल्याकडे गेला. बूटवाल्यानं बूट उलटासुलटा केला, हुंगला, आणि विचारलं, "भाजी परतली होती का यात?" मग आत हात घालून म्हणाला, "टोपीत बोटांना जागा आहे, वाचलात. लोखंड ताणलं जात नाही, चामडं ऐकतं. तेल पाजून दोन दिवस कालबुतावर चढवतो," म्हणजे त्या लाकडी पावलावर. "पुढचं मात्र तुमच्याकडे. जाड मोजे घाला आणि रोज संध्याकाळी घरात तासभर चाला. याआधीचे बूट किती दिवसांत रुळले होते?"

भिंगरीनं आठवून पाहिलं. मला म्हणाला, "काका, एकही रुळला नव्हता हो. त्याआधीच मी निघालेलो असायचो."

काम सोडायचं नाव न काढता तो दोन दिवस चप्पल घालून वाळू चाळत बसला. आमच्यावरचा मिस्त्री येता-जाता त्याच्या चपलांकडं बघायचा, ते शिव्यांपेक्षा वाईट. मग बूट आले आणि संध्याकाळचा तास सुरू झाला. खोली दहा पावलांची. खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून खाटेपर्यंत. पोरगी त्याच्या पावलावर पाढे म्हणायची. तेवीसच्या पाढ्यात दोघंही अडकायची. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचा शिंपी कातरीसकट वर आला.

"वहिनी, घोडा बांधलाय का वर?"

"घोडाच आहे, भाऊजी," बायको म्हणाली, "पण इतके दिवस बांधलेला नव्हता."

नवव्या दिवशी भिंगरीनं हातमोजे मागितले. ठोकळ्यानं त्याला वीस पावलं चालवून पाहिलं, एकदा रिकामी डोलची उचलायला लावली, आणि मान हलवली. तीन आठवडे बरे गेले म्हणावं, तर तसंही नाही. भोंगा होण्याआधीच हा फाटकाकडं बघायचा. रस्त्यावरून लांबचा ट्रक गेला की मान त्याच्या मागे जायची. एकदा तर जेवणाच्या सुट्टीत तो नाक्यापर्यंत जाऊन, तिथल्या पाटीला हात लावून परत आला. कशाला गेला होतास? "बघायला." काय? "ती आहे का अजून."

आणि नेमका त्याच आठवड्यात एक ठेकेदार आला. भिंगरीला याआधी तीनदा उचलून नेलेला. ट्रक फाटकात, इंजिन चालू, मागे पाच-सहा ओळखीची तोंडं. दुपारचे तीन वाजले असतील. "चल, बस! डोंगरापलीकडं पुलाचं काम आहे. मजुरी दीडपट. घरी निरोप नंतर पाठवू."

माझ्या खिडकीतून फाटक समोरच दिसायचं. भिंगरी ट्रकपर्यंत गेला. मागच्या फळीवर हात ठेवला. एक पाय उचलला, चाकावर टेकवला, आणि सगळे देव आठवले मला. ठोकळाही भट्टीपाशी उभा राहून बघत होता.

ठेकेदार म्हणाला, "अरे, येतोस ना?"

भिंगरीनं पाय खाली घेतला आणि म्हणाला, "मन तर केव्हाच वर चढून बसलंय, ठेकेदार, त्याला न्या खुशाल. पण मला चार वाजता डोलची उचलायची आहे, आणि त्या ठोकळ्याला एकट्याला दोन्ही टोकं धरता येत नाहीत."